जुना प्लग फेकू नका, आधी नीट बघा: प्लगवरून इंजिनाचं दुखणं ओळखणे

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिकमध्ये कुठल्याही गॅरेजवर "गाडी मिस करतेय" म्हणून जा, पहिलं काम ठरलेलं असतं. जुना स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा) काढायचा, नवा बसवायचा, जुना कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्यात. गाडी तेवढ्यापुरती सुधारते, कारण नव्या प्लगवर काजळी नसते. पंधरा-वीस दिवसांनी परत तेच रडगाणं. प्लग का खराब झाला हे कुणी विचारतच नाही. हेड न उघडता सिलिंडरच्या आत काय चाललंय हे सांगणारी जी एक वस्तू हातात आली होती, ती आपण न बघताच फेकून देतो. म्हणून हा धागा.

काढताना इंजिन थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलेलं असताना पाना मारला तर आटे सोलून निघतात आणि शंभर-दोनशेचं काम हजारांवर जातं. प्लगच्या खळग्यातली माती आधी हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

आता हातात घेऊन उजेडात धरा. मधला इलेक्ट्रोड, त्याभोवतीचं सिरॅमिकचं पांढरं नाक, वरून वाकून आलेली पट्टी आणि आट्यांच्या टोकाची लोखंडी कडा, या चार जागा. इंजिन ठीक असेल तर नाक फिकट तपकिरी किंवा राखाडी दिसतं, इलेक्ट्रोडच्या कडा चौकोनी असतात आणि कुठे ओल नसते.

काळा प्लग दिसला की बोट फिरवा. कोरडी, मऊ, पावडरीसारखी काजळी बोटाला लागली तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर चोंदलेला, चोक अर्धवट अडकलेला, कार्बमधला (कार्ब्युरेटर, पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) फ्लोट पेट्रोल ओव्हर करतोय, किंवा ठिणगीच अशक्त आहे. चिकट, चकचकीत, तेलकट काळं असेल तर इंजिन ऑइल वर येतंय. पिस्टनभोवतीच्या रिंगा नाहीतर वॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ते वॉल्व्ह गाईड. नुसता ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे पेट्रोल पोचतंय पण पेटत नाहीये. नाक खडूसारखं पांढरं, त्यावर फोड, इलेक्ट्रोडच्या कडा वितळल्यासारख्या, असं असेल तर गाडी तशीच चालवू नका. मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे, टायमिंग पुढे गेलंय (ठिणगी वेळेआधी पडतेय) किंवा चुकीचा प्लग बसलाय, आणि पुढची पायरी पिस्टनला भोक.

या सगळ्यामागे तापमानाचा हिशेब आहे. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. तेच टोक ८५०-९०० च्या पलीकडे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवायला लागतं. प्लगचं सगळं आयुष्य या दोन आकड्यांच्या मध्ये जायला हवं.

आपापले प्लग बघा आणि इथे लिहा. गाडी कुठली, रोजचं रनिंग किती आणि प्लग कशा प्रकारच्या फेरीनंतर काढला, हे तीन तपशील नक्की द्या.

---

सिडकोवाला

दादा, अगदी वेळेवर धागा आला. माझी पल्सर १५०, कार्बवाली, ट्विन स्पार्क. पवन नगरहून अंबड एमआयडीसीत कामाला जातो, म्हणजे रनिंग तसं कमीच. गेल्या काही महिन्यांत ॲव्हरेज पडलंय आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरला ओढ नाही. बंद पडत नाही, मिस पण फारसं करत नाही, नुसती सुस्त झालीय. गॅरेजवाला म्हणतो एअर फिल्टर बदलला, कार्ब धुतला, दोन्ही प्लग बदलले. काही दिवस बरी चालते, मग परत सुस्त. आता म्हणतो रिंग-पिस्टन टाकावं लागेल. खर्च ऐकून थांबलोय.

---

भद्रकालीचा मिस्त्री

भाऊ, रिंगचं काम अजिबात करू नका, थांबा. धूर निघतो का? ऑइल कमी होतं का? दोन्हीला नाही म्हणत असाल तर रिंग गेली असं कोणत्या आधारावर सांगितलं ते विचारा त्याला.

पल्सरला एका सिलिंडरला दोन प्लग. दोन्ही बाजूचे काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. कुठला डावा, कुठला उजवा ते कागदावर लिहून ठेवा, सरमिसळ झाली की सगळं मुसळ केरात. मिश्रण दोघांना एकच मिळतं, पिस्टन एकच, रिंग एकच. त्यामुळे खोट मिश्रणात असली तर दोन्ही सारखे काळे होतील. रिंगची असली तरी दोन्हीवर तेलाची खूण दिसेल. एक चांगला आणि एक काळा निघाला, तर खोट त्या एका प्लगच्या करंटच्या रस्त्यात आहे. प्लगवरची कॅप, वायर, नाहीतर ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी कॉइल. १५० ला दोन बाजूंना दोन कॉइल वेगवेगळ्या असतात हे लक्षात ठेवा.

---

गोदाकाठ

मिस्त्री काकांनी लाखातली गोष्ट सांगितली. ट्विन स्पार्कची अडचणच ही आहे की एक प्लग मेला तरी दुसरा गाडी ओढत राहतो. एका प्लगच्या गाडीत प्लग गेला की गाडी जागच्या जागी उभी राहते, म्हणून लगेच कळतं. इथे ज्योत एकाच बाजूने सुरू होते, दुसऱ्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि टायमिंग मात्र दोन ज्योती धरून बसवलेलं असतं. ताकद जाते, पेट्रोल वाया जातं, पण गाडी चालू राहते. लोक महिनोन्‌महिने तशीच फिरवतात.

---

दोन_स्ट्रोक

आरएक्स१०० वाला बोलतोय. आमच्याकडे प्लग वाचणं हाच रोजचा धंदा, पण टू-स्ट्रोकचे नियम वेगळे आहेत हे इथे नोंदवून ठेवतो. आमचं ऑइल जळण्यासाठीच जातं, त्यामुळे थोडा तेलकट तपकिरी प्लग म्हणजे तब्येत उत्तम. खरी परीक्षा क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा) ऑइल सीलांची.

क्रँकच्या दोन टोकांना दोन सील. क्लचच्या बाजूचं सील गेलं की गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं. प्लग ओला काळा, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर, धुराला जळक्या गिअर ऑइलचा वास, आणि टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) पंपाची केबल कितीही कमी करा, फरक शून्य. गिअर ऑइलची पातळी बघा, दर आठवड्याला उतरत असेल तर चोर सापडला. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचं सील गेलं तर उलटं होतं. तिथे ऑइल नाही, बाहेरची हवा आहे. हवा आत जाते, मिश्रण लीन, प्लग पांढरा, गाडी आयडलिंगला आपोआप रेस धरते. लोक कार्बचा स्क्रू फिरवत बसतात आणि त्र्यंबक रोडला फुल थ्रॉटल दिली की पिस्टन सीझ. पांढरा प्लग आणि आपोआप चढणारी रेस, ही जोडी दिसली की मी कार्बला हात लावत नाही, आधी मॅग्नेटो कव्हर उघडतो.

आणि धागाकर्त्यांनी फेरीबद्दल विचारलं ते फार बरं केलं. सिग्नलवर उभी, मग पार्किंगपर्यंत रांगत आलेली गाडी, तिचा प्लग काळाच दिसणार, कारण शेवटची पाच मिनिटं त्याने आयडलिंगच पाहिलं. खरं बघायचं असेल तर स्वच्छ प्लग टाका, रिकाम्या सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ओढ द्या, थ्रॉटल उघडी असतानाच क्लच दाबून किल स्विच मारा आणि गाडी कडेला घरंगळत थांबवा. थंड झाली की तिथेच प्लग काढा. हे घाटात किंवा हायवेवर करायचं नाही, मागून ट्रक येत असतो.

---

सातपूर_थर्ड_शिफ्ट

नमस्कार. आयुष्य सातपूरच्या शॉपफ्लोअरवर गेलं, त्यामुळे एका गोंधळाबद्दल लिहायलाच हवं: प्लगचा आकडा.

एनजीकेच्या प्लगवर सीआर७एचएसए लिहिलेलं असतं. सी म्हणजे १० मिलिमीटरचे आटे, आर म्हणजे आत रेझिस्टर, ७ म्हणजे हीट रेंज, एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर. एच च्या जागी ई असेल तर १९ मिलिमीटर. आता १२.७ च्या हेडमध्ये १९ वाला घुसवला तर पिस्टन त्याला ठोकू शकतो, आणि १९ च्या हेडमध्ये १२.७ वाला बसवला तर हेडचे खालचे आटे उघडे पडून त्यात कार्बन भरतो. पुढच्या वेळी बरोबर प्लग बसता बसत नाही.

हीट रेंजच्या बाबतीत एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. बॉशमध्ये नेमकं उलट, आकडा मोठा तितका प्लग गरम. काउंटरवरचा पोरगा "सातच्या जागी आठ चालेल, एकच आहे" म्हणतो तेव्हा तो कुठल्या कंपनीच्या आठाबद्दल बोलतोय हे बघा. काळा प्लग येतो म्हणून गरम प्लग टाकून रंग सुधारणारेही भेटतात. त्याने काजळी जळते, पण जास्तीचं पेट्रोल सिलिंडर धुवून ऑइलमध्ये उतरतच राहतं. मला हा प्रकार अजिबात मान्य नाही.

जाता जाता. अजूनही आपल्याकडची मोठी मंडळी दुकानात "मायको प्लग द्या" म्हणतात. त्या कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, नाशकातल्या मायको सर्कलचं नाव मात्र तसंच राहिलं. पुष्कळांना वाटतं ते प्लग इथे सातपूरला बनायचे. इथला कारखाना डिझेलच्या नोझल-इंजेक्टरचा, आणि डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतोच.

---

दोन_स्ट्रोक

काका, माहितीबद्दल आभार. एक शंका. माझ्या वडिलांच्या वेळचे मिस्त्री म्हणायचे प्लग कॉफीच्या रंगाचा हवा. माझ्या भावाच्या नव्या इंजेक्शनवाल्या गाडीचा प्लग कधीच तसा दिसत नाही, फिकाच असतो. लीन समजायचं का?

---

गोदाकाठ

नाही, इतक्यावरून समजू नका. तो कॉफीचा रंग बऱ्याच अंशी शिशाच्या पेट्रोलच्या काळातला आहे. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे बिनशिशाचं पेट्रोल आलं, आणि नाकावर थर सोडणारी एक मोठी गोष्टच गेली. पुढे एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे प्रदूषणाचे नियम आले, दुचाकींनाही इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर लागला. मिश्रण क्षणाक्षणाला दुरुस्त होतं, त्यामुळे प्लग फिकट, जवळपास दुधाळ राखाडी राहतो. तो निरोगी रंग आहे.

मग लीन ओळखायचं कसं? रंगापेक्षा पोत बघा. निरोगी फिकट नाक गुळगुळीत आणि मॅट असतं. लीन किंवा तापलेलं नाक खरखरीत, फोड आलेलं, कधी काचेसारखं चमकणारं. भिंग असेल तर त्यातून नाकावर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चंदेरी कण शोधा. चंदेरी कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम, नॉकिंगने (मिश्रण अवेळी धडाक्यात पेटल्याने) उडालेलं. ते दिसले तर गाडी स्टार्टसुद्धा करू नका.

इथेनॉलचंही बघायला हवं. २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला, २०२५ मध्ये २० टक्के. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलोच पुरते. जुन्या कार्बच्या गाडीचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तोच राहिला, म्हणजे तीच गाडी आता थोडी लीन चालते. इंजेक्शनची गाडी सेन्सर बघून पेट्रोल वाढवून घेते, कार्बला ते कळत नाही. जुनी कार्बची गाडी असेल आणि प्लग आधीपासूनच पांढऱ्याकडे झुकत असेल तर जेटचा विचार करा.

---

त्र्यंबकरोड

पण नाशिक उंचावर आहे ना, सहाशे मीटरच्या आसपास. हवा विरळ म्हणून प्लग पांढरा पडतो असं मला एका ट्युनिंगवाल्याने सांगितलं.

---

गोदाकाठ

त्याने उलटं सांगितलं. हवा विरळ म्हणजे तेवढ्याच पेट्रोलला हवा कमी, म्हणजे कार्बची गाडी किंचित रिच होते. मुंबईत बसवलेला कार्ब नाशकात थोडा काळाच दाखवेल. सप्तशृंगी गडावर आणखी थोडा. पांढऱ्या प्लगचं कारण उंचीत सापडणार नाही, मॅनिफोल्डच्या रबरातली चीर शोधा. इंजिन आयडलिंगला ठेवून कार्ब आणि हेडमधल्या जोडावर थोडं डब्ल्यूडी-४० मारा, रेस बदलली तर हवा तिथूनच शिरतेय. सायलेन्सर तापायच्या आत हे करा, ते जळाऊ असतं.

---

निफाडकर

आमच्या बागेतला अनुभव टाकतो. पाठीवरचा पेट्रोलचा फवारणी पंप, टू-स्ट्रोक, मिक्सिंगवाला. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की तो दिवसभर चालतो, आणि त्याआधी बरेच महिने गोडाऊनमध्ये पडून असतो. टाकीत जुनं पेट्रोल तसंच. बाहेर काढला, दोरी ओढली, सुरू झाला, पहिल्या दोन ओळी मारून झाल्या आणि आवाज चढत जाऊन बंद. प्लग काढला तर पांढराफटक, पट्टीवर बारीक चकाकणारे दाणे. शेजारचा म्हणाला नवीन प्लग टाक. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं, सकाळी बघतो तर तळाशी वेगळा थर. ते प्लग बदलून चालवलं असतं तर?

---

दोन_स्ट्रोक

भाऊ, चांगलं केलंत थांबलात ते. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि एका मर्यादेनंतर पाण्यासकट तळाशी बसतं. टू-टी ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. टाकीतून नळी तळाचं ओढते, म्हणजे इंजिनात जातं पाणी-इथेनॉल, ऑइल जवळजवळ नाहीच. लीन तर आहेच, वर वंगण नाही. प्लगवरचे ते दाणे पिस्टनचे आहेत. सायलेन्सर खोलून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनच्या कडेला उभे ओरखडे दिसतात का बघा, बॅटरी लावली की सहज दिसतं. ओरखडे असतील तर सिलिंडर उतरवा. नसतील तर टाकी, कार्ब, फिल्टर धुवून ताजं मिक्सिंग टाका. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवून ठेवायचं, म्हणजे कार्ब कोरडा होतो.

---

निफाडकर

बघितलं. एका बाजूला हलके ओरखडे आहेत, खोल नाहीत. नाशिकला घेऊन येतो, सिलिंडर उतरवूनच घेतो.

---

आडगावकर

माझी चारचाकी आहे, चार सिलिंडर, पेट्रोल. नवरोबांच्या भरवशावर न राहता स्वतः प्लग काढले. इंजिनचा पिवळा दिवा लागला होता आणि आयडलिंगला थरथर. चारही प्लग क्रमाने थर्माकोलमध्ये खोचून ठेवलेत. एक, दोन, चार छान फिकट तपकिरी. तीन नंबरच्या आट्यांना आणि वरच्या षटकोनाला ऑइल लागलंय, कॉइलचं रबरही ऑइलमध्ये भिजलेलं. टोक मात्र कोरडं आहे. सर्व्हिस सेंटरला फोनवर सांगितलं तर म्हणाले इंजिन ऑइल जळतंय, ओव्हरहॉल. खरं का? शिवाय चारही प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर, लोखंडाच्या जरा वर, एक तपकिरी वलय आहे, ते गळतीचं लक्षण आहे का?

---

भद्रकालीचा मिस्त्री

ताई, क्रमाने ठेवलेत हे फार मोठं काम केलंत, आमच्याकडची पोरंसुद्धा ठेवत नाहीत.

ऑइल कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. टोकाला ऑइल म्हणजे आतून, रिंग किंवा गाईड. वरून ऑइल आणि टोक कोरडं, म्हणजे ऑइल आत जळत नाहीये, वरून प्लगच्या विहिरीत उतरतंय. टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा प्लगच्या नळीभोवतीचं रबर सील कडक झालंय. ओव्हरहॉलचं नाव काढू नका. कव्हर काढून पॅकिंग-सील बदला, विहिरीतलं ऑइल कापडाने पुसून काढा. कॉइलचं रबर ऑइलने फुगलं असेल तर तेही बदला, नाहीतर करंट बाजूने उडी मारतो आणि थरथर तशीच राहते.

---

सातपूर_थर्ड_शिफ्ट

ताई, त्या तपकिरी वलयाची काळजी करू नका. जास्त व्होल्टेजमुळे हवेतले तेल-धुळीचे कण सिरॅमिकला ओढले जातात आणि तसा डाग बसतो. पुष्कळ जण त्याला कॉम्प्रेशन लीक समजून प्लग फेकतात. सिरॅमिकवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ असेल तर मात्र ती बाहेरून करंट उडाल्याची खूण, तसा प्लग आणि रबर दोन्ही बदला.

आणखी एक. चारपैकी एकाच सिलिंडरचा प्लग बाकीच्यांपेक्षा विचित्र स्वच्छ, धुतल्यासारखा निघाला आणि कूलंट उतरत असेल, तर हेड गॅस्केट तपासा. ते पाणी वाफ होऊन नाक धुवून काढतं. सगळ्यांपेक्षा छान दिसणारा प्लगच आजारी सिलिंडरचा असतो, त्यामुळे नेमका हाच नजरेतून सुटतो.

---

त्र्यंबकरोड

ऑइल रिंगमधून येतंय की गाईडमधून, हे प्लगवरून कळतं का?

---

भद्रकालीचा मिस्त्री

नुसत्या प्लगवरून नाही. त्यासाठी घाट चांगला. कसारा घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून गिअरवर गाडी येते, सिलिंडरमध्ये ओढ तयार होते आणि गाईडच्या सीलमधून ऑइल आत गळतं. खाली आल्यावर थ्रॉटल उघडली आणि मागच्या गाडीला निळा ढग दिसला तर वॉल्व्ह सील. घाट चढताना, जोर लावताना सतत निळा धूर असेल तर रिंगा. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर एकच भपका आणि मग काही नाही, तरीही सील. खात्री करायची तर कॉम्प्रेशन गेज लावा. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर वॉल्व्ह. सीलचं काम रिंगच्या कामापेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून हे तपासल्याशिवाय बोअर करायला देऊ नका.

---

पाथर्डीफाटा

सीएनजीवाल्यांनी काय बघायचं? माझी टॅक्सी आहे. प्लग नेहमी पांढराच निघतो, मी घाबरून गेलो होतो.

---

गोदाकाठ

सीएनजीत काजळी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे रंगावरून मिश्रण वाचायचा प्रयत्न सोडून द्या. तुम्ही गॅप (मधला इलेक्ट्रोड आणि पट्टी यांच्यातली फट) आणि इलेक्ट्रोडच्या कडा बघा. गॅसमधून ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, इलेक्ट्रोड लवकर झिजतो, गॅप वाढतो, मग आणखी व्होल्टेज लागतं, आणि शेवटी कॉइल जाते. मॅन्युअलमधला गॅपचा आकडा घ्या आणि दर सर्व्हिसिंगला वायर गेजने मोजा. पातीचा फिलर गेज झिजलेल्या प्लगवर फसवतो, कारण इलेक्ट्रोडला पडलेल्या खड्ड्यात पाती जात नाही, गॅप कमी दिसतो. गॅप कमी-जास्त करताना बाहेरची पट्टीच वाकवा, मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू घेऊ नका, नाक तडकतं. इरिडियम प्लगला वायर ब्रशही लावू नका, टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं असतं.

---

सिडकोवाला

मंडळी, काल सुटी होती, दोन्ही प्लग काढले. मिस्त्री काकांनी सांगितलं तसं कागदावर डावा-उजवा लिहिलं.

डावा: नाक फिकट तपकिरी, पट्टी राखाडी, कडेला किंचित काळी गोल रिंग. उजवा: सगळा काळा, कोरडी काजळी, बोट लावलं तर ठसा उमटला. इलेक्ट्रोडच्या कडा मात्र नव्यासारख्या चौकोनी. म्हणजे याने काम केलेलंच नाही असं वाटलं.

मग प्लगची अदलाबदल केली, डावा उजवीकडे, उजवा पुसून डावीकडे. ऑफिसला दोन-चार दिवस तसाच गेलो. आज परत काढले. पुसलेला प्लग डावीकडे गेल्यावर स्वच्छ राहिला. आधी चांगला असलेला उजवीकडे जाऊन काळवंडायला लागलाय. म्हणजे प्लगमध्ये खोट नव्हतीच.

---

भद्रकालीचा मिस्त्री

शाब्बास भाऊ. आता उजवी कॅप वायरवरून फिरवून काढा, ओढू नका. वायरचं तोंड बघा, हिरवट झालंय का. कॅप मल्टिमीटरवर मोजा. रेझिस्टरवाल्या कॅपला काही हजार ओहम दाखवायला हवेत, काहीच दाखवलं नाही तर कॅप मेली.

---

सिडकोवाला

कॅप मोजली, मीटर हललाच नाही. डाव्या कॅपला पाच हजारांच्या आसपास दाखवतंय. उजव्या वायरचं तोंड हिरवट आणि ठिसूळ होतं, पावसात पाणी शिरलं असावं. बोटभर वायर कापून टाकली, आतली तार चकचकीत लागली. शालिमारवरून नवीन कॅप आणली, दोन्ही प्लग साफ करून बसवले. हाताने पूर्ण आटे फिरवले, मग पान्याने थोडंसं आवळलं. चौथ्या गिअरमधला फरक पाथर्डी फाट्याच्या चढावरच कळला. गॅरेजवाल्याला रिंग-पिस्टनसाठी नाही म्हणून कळवलंय.

एकच विचारायचं राहिलं. प्लग परत कधी बघू?

---

भद्रकालीचा मिस्त्री

हजारेक किलोमीटर होऊ द्या. रविवारी गाडी वणीपर्यंत किंवा कुठेही लांब नेऊन आणा, घरी पोचताना आयडलिंगला उभी ठेवू नका, थंड झाल्यावर दोन्ही काढा. दोघांचा रंग सारखा असला की झालं. जुना वॉशर दबलेला असतो, त्यामुळे परत बसवताना हाताने घट्ट झाला की पान्याने घड्याळातल्या एका तासाइतकंच फिरवा. नवा प्लग असेल तर साधारण अर्धा फेरा. दहा मिलिमीटरचे आटे आहेत, जोर दाखवू नका.